शिल्पातून वजा झालेला मुलगा

ऑगस्ट 1914. बर्लिनमधला अठरा वर्षांचा पेटर युद्धावर जायचा हट्ट धरून बसला होता. वय कमी, म्हणून वडिलांची परवानगी हवी. वडील कार्ल कोल्वित्स, कामगार वस्तीतले डॉक्टर, काही केल्या ऐकेनात. शेवटी मुलाने आईला गळ घातली आणि आईने नवऱ्याकडे रदबदली केली. ही आई म्हणजे केटे कोल्वित्स. विणकरांचा उठाव आणि शेतकऱ्यांचं बंड मुद्राचित्रांत उतरवणारी, समाजवादी घरात वाढलेली; पण बलिदानाच्या भाषेची भुरळ तेव्हा तिलाही पडली होती. ऑक्टोबरात पेटर बेल्जियममध्ये मारला गेला.

त्याच डिसेंबरात तिने स्मारकाचा विचार सुरू केला. तोवर तिची ओळख मुख्यतः मुद्राचित्रकार अशी. शिल्पाचे धडे तिने 1904 मध्ये पॅरिसला घेतले होते आणि शिल्पकार रोदँलाही भेटली होती. पहिल्या कल्पनेत पेटर आडवा पसरलेला, उशाशी बाप, पायाशी आई. स्वेच्छेने गेलेल्या सगळ्याच पोरांच्या त्यागाचं हे स्मारक व्हायचं होतं.

पण वर्षं गेली तसा तो त्याग तिच्या हातात टिकेना. 1916 च्या रोजनिशीत ती मुलालाच विचारते, की या युद्धात मला आता वेडेपणाच दिसतो, हा तुझ्याशी द्रोह तर नव्हे? 1918 मध्ये कवी रिचर्ड डेमेलने आणखी स्वयंसेवकांना हाक दिली, तेव्हा तिने वर्तमानपत्रातून जाहीर विरोध केला. आधार घेतला गोएथेचा: बियाणं दळून खायचं नसतं. 1919 मध्ये तिने स्मारकाचं काम बाजूला ठेवलं. त्याच वर्षी प्रशियाच्या कला अकादमीने तिला सदस्यत्व दिलं, पुढे 1933 मध्ये नाझींनी ते सोडायला लावलं.

काम अडलं ते तंत्रामुळे, असं मला वाटत नाही. मुलाला वीर म्हणून घडवणं आता जमणार नव्हतं, आणि नुसता बळी म्हटलं तर त्याच्या श्रद्धेचा अपमान होत होता. मधल्या काळात तिने ‘युद्ध’ ही लाकडी ठशांची मालिका केली. तिथे आईबाप गुडघ्यांवर एकमेकांत इतके रुतले आहेत की त्यांचा एकच काळा गोळा दिसतो.

1920 च्या दशकाच्या मध्यावर ती पुन्हा स्मारकाकडे वळली, तेव्हा मुलगा वजा झाला होता. 1926 मध्ये नवराबायको पेटरला पुरलं होतं त्या बेल्जियममधल्या रोगेवेल्डेच्या दफनभूमीत जाऊन आले. 1932 मध्ये तिथे बसवलेली शिल्पं नीट पाहावीत. बाप ताठ, हात स्वतःभोवती आवळलेले, नजर समोर. आई पुढे वाकलेली, मान खाली. चेहरे कार्ल आणि केटेचेच. ठशात एकजीव झालेली ही दोघं दगडात मात्र वेगवेगळ्या चौथऱ्यांवर आहेत. कुणी कुणाला हात लावत नाही. एकाने नको म्हटलं होतं, दुसरीने जाऊ द्या म्हटलं होतं, हे माहीत असलं की तो मधला रिकामा भाग बोचतो. या गुडघे टेकण्यात शोक आहेच. मला त्यात माफीही दिसते, सगळ्या पोरांची मागितलेली. पुढे थडगी बेल्जियममधल्याच व्लाड्स्लोला हलवली गेली, तेव्हा ही दोघंही तिथे गेली. आता त्यांच्यापुढे पंचवीस हजारांवर सैनिक पुरलेले आहेत.

1937-38 मध्ये तिने एक लहानसं शिल्प केलं: बसलेल्या आईच्या गुडघ्यांत मेलेला मुलगा. 1942 मध्ये नातू, त्याचंही नाव पेटर, रशियात मारला गेला. युद्ध संपायला काही आठवडे असताना, एप्रिल 1945 मध्ये ती गेली.

1993 मध्ये चान्सलर हेल्मुट कोल यांच्या सरकारने त्या छोट्या शिल्पाची चौपट मोठी आवृत्ती बर्लिनच्या नोये वाखे या वास्तूत, युद्ध आणि जुलमाच्या बळींचं राष्ट्रीय स्मारक म्हणून बसवली. वाद झाला, आणि रास्त झाला. छळछावणीत मेलेले ज्यू आणि आघाडीवर पडलेले जर्मन सैनिक एकाच शब्दात कसे मावणार? शिवाय मरियमेच्या मांडीवरच्या ख्रिस्ताची आठवण देणारी ही मूर्ती ज्यूंनी आपली का मानावी? माझी तक्रार आणखी वेगळी. या आईला कुणी काही विचारत नाही, तिचं फक्त सांत्वन करायचं. व्लाड्स्लोच्या आईबापांना मात्र उत्तर द्यायचं आहे. ती जोडी राजधानीत बसवायची सूचना आली असती, तर सरकारला ती इतकी सहज पचली असती का, शंकाच आहे.