भूमी कुणाची, वाढलेला भाव कुणाचा?

२००१ ते २०११ या दशकात सातारा जिल्ह्याची लोकसंख्या जेमतेम सात टक्क्यांनी वाढली, सांगलीची सव्वानऊ टक्क्यांनी. त्याच काळात महाराष्ट्राची वाढ सोळा टक्के होती. पाटण-जावळीची माणसे माथाडी म्हणून मुंबईला गेली, खानापूर-आटपाडीची गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर पसरली, माण-खटावची पोरे पुण्याच्या वाटेला लागली. माणसांनी ओसंडून वाहणारे हे जिल्हे नव्हेत. तरी जमिनीचा भाव थांबायला तयार नाही. शिरवळच्या औद्योगिक पट्ट्यापासून साताऱ्याच्या शाहूपुरी-गोडोलीपर्यंत आणि कराडपासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत उसाच्या फडालगत ‘एनए प्लॉट’च्या पाट्या उभ्या आहेत, आणि कारखान्यातल्या कामगाराला किंवा नव्याने लागलेल्या शिक्षकाला पगारातून गुंठाभर जागाही घेता येत नाही. राहणारे सावकाश वाढतात आणि राहायची जागा मात्र झपाट्याने आवाक्याबाहेर जाते, याचा अर्थ हा भाव सगळा निवाऱ्याच्या गरजेतून आलेला नाही. तो उद्या आणखी वाढेल या आशेवर बराचसा उभा आहे. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे अडीच कोटी घरे रिकामी निघाली होती, यावरूनही घर बांधणे आणि घराची गरज भागणे या दोन गोष्टी किती दूर गेल्या आहेत ते दिसते. मग मालकाने हातही न लावलेल्या जागेचा भाव दुप्पट झाला, तर ती वाढ न्यायाने त्याची होते का? ही चर्चा एरवी बँका आणि बिल्डरांच्या हवाली केली जाते. मुळात ती धर्माची आहे, कारण एखादी गोष्ट ‘माझी’ म्हणण्याचा अधिकार माणसाला कशाने मिळतो, हेच तिच्यात ठरवायचे आहे.

या प्रश्नाचा अत्यंत नेमका विचार ज्या मीमांसाशास्त्रात झाला, त्याचे एक मोठे पीठ सातारा जिल्ह्यातच होते, हे सहसा कुणाच्या ध्यानात नसते. वाईच्या प्राज्ञ पाठशाळेचे नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे स्वामी केवलानंद सरस्वती, यांनी मीमांसाकोशाचे सात खंड सिद्ध केले. जैमिनीच्या सूत्रांत सहाव्या अध्यायात विश्वजित यज्ञाची चर्चा येते. या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दान करायचे असते. मग आईवडील द्यायचे का? नाही, कारण त्यांच्यावर आपले स्वामित्व नसते. यजमान सार्वभौम राजा असेल तर त्याने पृथ्वी द्यायची का? मीमांसकांचे उत्तर पुन्हा ‘नाही’ असेच आहे. भूमी सर्वांना सारखीच आहे. राजा तिचे रक्षण करतो आणि त्या कामाचा वाटा घेतो, एवढाच त्याचा संबंध. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी ‘व्यवहारमयूखा’त हाच धागा पकडून सांगितले, की गावे-शेते कसणाऱ्या भूधारकांची असतात आणि राजाचा हक्क कर घेण्यापुरता असतो. पुढे मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी या ग्रंथाला प्रमाण मानले. तेव्हा मीमांसेने खासगी मालकी मोडीत काढली, असे म्हणणे चुकीचे ठरेल. तिने फक्त एक भेद केला. कसलेले शेत आणि बांधलेले घर ही कष्टाची वस्तू आहे, तिला मालक असतो. ते शेत जिच्यावर आहे त्या पृथ्वीला मात्र मालक नसतो. वाईच्या याच पाठशाळेत १९१७च्या सुमारास विनोबा शिकून गेले आणि १९५१मध्ये पोचमपल्लीला त्यांनी भूदानाची हाक दिली. विश्वजित यज्ञाच्या त्या चर्चेचा तो थेट परिणाम होता असा दावा मी करणार नाही, पण विचाराचे गोत्र एकच आहे.

आजच्या बाजाराला हा भेद लावून पाहावा. प्लॉटच्या किमतीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे मालकाने केलेले सपाटीकरण, कुंपण, बोअर, बांधकाम. दुसरी म्हणजे ठिकाण. साताऱ्याजवळच्या माळाला भाव येतो तो पुणे-बंगळुरू महामार्ग सहापदरी झाला म्हणून, मेडिकल कॉलेज आले म्हणून, २०२०मध्ये नगरपालिकेची हद्दवाढ झाली म्हणून. जत-आटपाडीच्या कोरड्या रानाला भाव येतो तो म्हैसाळ आणि टेंभूचे पाणी सरकारी पैशाने वर चढवले म्हणून. नव्या महामार्गाची किंवा नव्या महाबळेश्वर प्रकल्पाची रेघ नकाशावर उमटण्याचा अवकाश, खरेदीखते सुरू होतात. त्या क्षणी जमिनीत काहीच बदललेले नसते. ही वाढ सगळ्यांच्या करातून आणि कष्टातून झालेली असते. हेन्री जॉर्जने १८७९मध्ये ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’त हेच मांडले. पण आपल्याला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही, कोयना पुरेशी आहे. तिच्या विजेवर उद्योग उभे राहिले, शहरांना उजेड मिळाला. ज्यांची शेते आणि देवळे धरणाच्या शिवसागर जलाशयात गेली, त्यांना राष्ट्रासाठी त्याग करा असे सांगितले गेले, आणि सहा दशके उलटली तरी त्यांच्यातल्या अनेकांचा पर्यायी जमिनीचा लढा संपलेला नाही. सार्वजनिक कामासाठी ज्याला जमीन द्यावी लागली त्याच्याकडून आपण धर्म म्हणून सर्वस्व मागितले, आणि सार्वजनिक कामामुळे ज्याची जमीन सोन्याची झाली त्याच्याकडून काहीच मागितले नाही. धर्म एकाला लावायचा आणि दुसऱ्याला सोडून द्यायचा, हे कोणत्याच शास्त्रात बसत नाही.

बाजार खरी किंमत सांगतो, असे एक उत्तर यावर मिळते. सांगलीत ते टिकत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. अशा शहरात तुकडेबंदीच्या कायद्यामुळे रीतसर छोटा तुकडा मिळत नव्हता आणि बिगरशेती प्लॉट परवडत नव्हता, म्हणून हातावर पोट असलेल्या हजारो कुटुंबांनी गुंठेवारीत जागा घेतली. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. स्टँपपेपरवरचा व्यवहार, काळ्या रानातून आखलेला अरुंद रस्ता, ना गटार, ना नाल्याला वाट. शामरावनगरसारख्या सखल भागात नदी पात्राबाहेर यावीच लागते असे नाही, चार दिवस पाऊस लागला तरी पाणी तुंबते आणि आठवडाभर हलत नाही. विकणारा पैसे घेऊन मोकळा झाला, धोका घेणाऱ्याच्या उंबऱ्यात राहिला. २००१च्या गुंठेवारी कायद्याने ही घरे नियमित करण्याची सोय केली, ते योग्यच झाले, पण गटाराचा खर्च मात्र पुन्हा सगळ्यांच्या माथी आला. इथल्या स्वस्ताईत पुराची किंमत कधी धरलेलीच नव्हती.

सगळ्यात जड आक्षेप शेतकऱ्याचा आहे, आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. पिढ्यान् पिढ्या उसाच्या बिलासाठी कारखान्याच्या दारात थांबणाऱ्याला एकदाच बरा पैसा मिळतोय, तर तेवढ्यातच नीतीची आठवण का व्हावी? आक्षेप खरा आहे. १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्यात पुणे, अहमदनगर आणि सोलापूरबरोबर सातारा जिल्हाही घ्यावा लागला, तो सावकाराच्या घशात चाललेली जमीन वाचवण्यासाठीच. गरजेच्या वेळी विकणाऱ्याला या भागात कधीच पूर्ण भाव मिळालेला नाही. म्हणूनच माझे म्हणणे पहिल्या विक्रीबद्दल नाही. मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी रान काढणारा शेतकरी आणि तेच रान घेऊन, लेआउट पाडून, पाच वर्षे मोकळे ठेवून तिसऱ्याला विकणारा गुंतवणूकदार यांना एकाच मापाने मोजू नये. वाढीचा मोठा भाग या गुंतवणूकदाराच्या हाती लागतो आणि शेतकऱ्याचे नाव पुढे करून संरक्षण मात्र त्यालाच मिळते.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. भूमी सर्वांची, असे म्हणणाऱ्या शास्त्राच्याच छायेत गावातल्या कित्येकांना वितीभर जमीनही आपली म्हणता आली नाही. महारवतने १९५८च्या कायद्याने संपली, तोवर त्या जमिनीवर गावकीच्या चाकरीचा भार होता, आणि पुढेही त्यातल्या कितीतरी जमिनी कवडीमोलाने दुसऱ्यांच्या नावावर गेल्या. ज्याला पहिल्यांदाच सातबारा मिळाला, त्याला मालकी मिथ्या आहे असे सांगणे हा अन्यायच होईल. मीमांसकांनीही यज्ञाच्या अधिकारातून शूद्रांना वगळले होते, ते लपवण्यात अर्थ नाही. परंतु त्यांचे तत्त्व त्यांच्या आचाराहून मोठे आहे. भूमी सर्वांना सारखी असेल, तर तिच्यातून कुणालाही वगळता येत नाही, आणि ज्यांना वगळले त्यांचा वाढलेल्या भावावर हक्क पहिला ठरतो. छोट्या मालकाची मालकी या विचाराने बळकट होते. सैल पडते ती फक्त साठवून ठेवणाऱ्याची.

नफा कापला तर पैसा येणार नाही आणि जिल्ह्याचा विकास खुंटेल, अशीही भीती घातली जाते. बांधकामावरचा नफा कुणी कापायला सांगत नाही; वीट, मजुरी, आराखडा, जोखीम यांचा मोबदला बिल्डरला मिळालाच पाहिजे. मोकळी पडलेली जागा कोणाला रोजगार देत नाही, उलट कारखाना काढू पाहणाऱ्या तरुण उद्योजकाचे भांडवल शेड उभारण्याआधीच जमिनीत अडकून पडते. शिवाय ही मागणी कायद्याला अनोळखी नाही. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात, नगररचना योजनेमुळे वाढलेल्या किमतीचा निम्म्यापर्यंतचा भाग मालकाकडून घेण्याची तरतूद आहे. सातारा, कराड, सांगली-मिरज-कुपवाड यांनी वाढत्या वस्त्यांसाठी अशा योजना आखाव्यात, वर्षानुवर्षे मोकळ्या ठेवलेल्या प्लॉटवर चढता कर लावावा, स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या गुंठा-दोन गुंठ्यांना त्यातून पूर्ण सूट द्यावी, आणि जमणारा पैसा आधी गुंठेवारीतल्या गटारांवर व नाल्यांवर, नंतर कामगारांना परवडतील अशा भाड्याच्या घरांवर खर्च करावा.