म्हशीआधी सांगायचं

आमच्या गावच्या स्टँडला लागून अण्णांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक बाभळ आणि तिच्या फांदीला टांगलेली साखळीची कप्पी. अण्णा सातवी शिकलेले. पण इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगायचे.

1996 साली तामिळनाडूतल्या रामर पिल्लैची बातमी पेपरात आली. झाडपाल्यापासून पेट्रोल करतो म्हणाला. अण्णांनी ते कात्रण पत्र्याला चिकटवलं. त्यांना झाडपाला पटला नव्हता, पण “खेड्यातला माणूस करू शकतो” हे पटलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला आलो, तर अण्णांनी एका वडाप जीपला प्लॅस्टिकची बरणी बसवली होती. बरणीत पाणी, चिमूटभर सोडा, स्टीलच्या ताटाच्या कापलेल्या पट्ट्या. बॅटरीची वायर जोडली की बुडबुडे यायचे आणि तो वायू नळीतून इंजिनाच्या हवेत जायचा. “लिटरला अकरा द्यायची, आता तेरा देतीया,” ड्रायव्हर म्हणाला.

अण्णा माझ्याकडं वळले. “तू फिजिक्सवाला. सांग, बरोबर हाय न्हवं?”

मला ठाऊक होतं. पाणी फोडायला जेवढी ऊर्जा लागते, त्याहून जास्त ते पुन्हा जळताना देत नाही. फोडायची वीज डायनामोची. डायनामो फिरतो इंजिनावर, म्हणजे शेवटी डिझेलवरच. शिवाय वाटेत प्रत्येक ठिकाणी थोडी गळती. विहिरीचं पाणी काढून पुन्हा विहिरीतच ओतायचं आणि पाणी वाढलं म्हणायचं, तसला प्रकार. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला चारचौघांत खोटं कसं पाडायचं? मी म्हणालो, “चांगलं चाललंय की, अण्णा.”

एवढंच. दोन-तीन शब्द. त्या शब्दांवर अण्णांनी दुभती म्हैस विकली आणि वीस बरण्यांचं सामान आणलं.

अण्णांना वेडं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. डिझेलच्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्साच कामी येतो. उरलेली रेडिएटरमधून आणि धुराड्यातून जाते. एवढी नासाडी दिसत असताना ज्याचे हात शिवशिवत नाहीत, तो कसला मेस्त्री? रुडॉल्फ डिझेललाही हीच नासाडी खुपली होती. 1897 साली त्याचं इंजिन त्यानं म्युनिकच्या प्रा. श्रोटर यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी मोजलं, 26 टक्के भरलं. आपलं पोर दुसऱ्याच्या तराजूत घालायला छाती लागते.

चार ड्रायव्हरांनी बरण्या घेतल्या. एकजण महिन्यानं परत आला. “अण्णा, माझी हाय तितकीच देतीया.” अण्णा चिडले नाहीत. रात्रभर बाभळीखाली बसले. सकाळी पहिल्या जीपवाल्याला म्हणाले, “चार दिस तीच वाट, तेवढीच पोती, टाकी गळ्यापतूर भरायची. वायर कवा जोडली, कवा काढली, ते तुला सांगणार न्हाई.”

ही युक्ती त्यांना कुणी शिकवली नव्हती. आम्हाला कॉलेजात शिकवली होती, आणि मी ती वापरली नव्हती.

चारही दिवस तेराच भरले. वायर असो वा नसो. अण्णांनी मग उलट हिशोब लावला. बरणी बसवताना त्यांनी एअर फिल्टर साफ केला होता, टायरात हवा भरली होती, आणि बरणीच्या कौतुकानं ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलेटरवर हलका झाला होता. दोन किलोमीटर तिथून आले होते. चौघांचे पैसे त्यांनी सुगी झाल्यावर फेडले.

2016 साली चेन्नईच्या न्यायालयानं पिल्लैला फसवणुकीबद्दल तीन वर्षांची शिक्षा सुनावली, तेव्हा मला अण्णा आठवले. दोघांचाही दावा खोटा ठरला, पण अण्णांचा त्यांनी स्वतःच पाडला. चूक आणि लबाडी यांच्यात मला एवढाच फरक दिसतो: माणूस स्वतःविरुद्ध मोजायला तयार आहे का?

मग माझं काय? मी लबाडी केली नाही, चूकही केली नाही. मी मान राखला. आपल्याकडं याला संस्कार म्हणतात. पण ज्याला खरं ऐकायची ताकद आहे, त्याच्यापासून ते लपवणं म्हणजे त्याला लहान समजणं. तोही अपमानच, फक्त तो चारचौघांत दिसत नाही.

त्या दिवाळीत मी अण्णांना सगळं सांगितलं. ते पाना पुसत होते.

“म्हंजी तुला ठावं हुतं?”

“होय अण्णा.”

बराच वेळ पाना पुसून झाल्यावर म्हणाले, “मग लेका, म्हशीआधी सांगायचं हुतंस.”

आणि चहा सांगितला. त्यांच्या घरी तेव्हा दूध विकतचं होतं.