हँडलची उघडी नळी

सकाळी साडेसहाला ओलं फडकं घेऊन गाडी पुसायची, ही माझी कित्येक वर्षांची सवय. डिसेंबरात अमरावतीत बादलीतलं पाणी बोटांना झोंबतं, पण त्या पंधरा मिनिटांत दिवसाची नीट सुरुवात होते. मागच्या गुरुवारी डावीकडचं मागचं दार पुसताना फडकं अडकलं. वाकून पाहिलं, तर मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत हातभर लांब ओरखडा. त्यावरून नख फिरवलं, नखही अडकलं. गाड्यांना रंग देणारा कोणीही सांगेल, नख अडकलं की नुसत्या पॉलिशनं भागत नाही. वरचा पारदर्शक थर फाटून चरा रंगात उतरलेला असतो, कधी त्याखालच्या प्रायमरपर्यंत.

मी अजून वाकलेलाच होतो, तेवढ्यात फाटकाशी शेजारचा मुलगा येऊन उभा राहिला. नऊ वर्षांचा, हात झाकणारा जाड स्वेटर घातलेला.

"काकाजी, माया सायकलनं लागलं. काल संध्याकायी."

एवढं बोलून तो गप्प झाला. माझ्या तोंडाकडे त्यानं पाहिलं नाही, दाराकडे पाहत राहिला. मी म्हणालो, "बरं. बाबांना पाठव."

तो गेला. मी ओरडलो नाही, याचं मला त्या क्षणी समाधान वाटलं. आपण संयमानं वागलो, असंच वाटत होतं.

दहा मिनिटांत त्याचे वडील आले, मागोमाग आई. वडील बोलत होते आणि त्यांचा पंजा मुलाच्या मानेवर होता. तो पंजा रागाचा होता की आधाराचा, ते मला ओळखता आलं नाही. आई म्हणाली, "भाऊजी, किती खर्च येईन ते सांगा जी, आमी भरून देऊ. आमाले तर त्यानं आत्ता सांगतलं, तुमच्याकून आल्यावर." म्हणजे मुलगा घरी कबूल व्हायच्या आधी माझ्याकडे आला होता. ज्याचं नुकसान झालं, त्याच्याकडे पहिल्यांदा. ही गोष्ट मी ऐकली, पण त्या वेळी ती माझ्या मनापर्यंत पोचली नाही. मी म्हणालो, पेंटरला दाखवतो, मग बघू.

मला त्या दिवशी अकोल्याला जायचं होतं. आठवड्यातून एकदा कामासाठी जातो आणि दुपारी बहिणीकडे जेवतो. जाताना बडनेरा रोडवरच्या ओळखीच्या पेंटरला दार दाखवलं. त्यानं सांगितलं, नुसतं टचिंग केलं तर आठशेत होईल, पण तिरप्या उन्हात रेघ दिसेल. दिसायला नको असेल तर दोन्ही दारं पूर्ण मारावी लागतील, सहा हजारांच्या पुढे.

मग गाडी चालवता चालवता मी हिशेब करत राहिलो. विम्याचा दावा करावा का? खासगी मोटारीच्या विम्यात दर दाव्यामागे पहिली ठरावीक रक्कम मालकालाच सोसावी लागते, 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये आणि त्यावर 2000. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस जातो. एक वर्ष दावा नाही तर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50 टक्के, अशी ती सूट चढत जाते आणि एका दाव्यानं शून्यावर येते. छोट्या ओरखड्यासाठी दावा करणं बहुतेक वेळा तोट्याचं ठरतं ते यामुळे. आणि ज्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा आहे, त्यांना स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं त्यातून काहीच मिळत नाही.

कायद्याचाही विचार मनात आला, हे लपवत नाही. दुसऱ्याच्या वस्तूचं जाणूनबुजून नुकसान करण्याला दंड संहितेच्या मराठीत फार बोलका शब्द आहे, आगळीक. पण आगळिकीला हेतू लागतो, निदान आपल्या हातून नुकसान होणार याची जाणीव तरी लागते. तोल जाऊन सायकल दाराला घासली, यात ना हेतू ना जाणीव. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही जुन्या कायद्याचंच तत्त्व कायम आहे. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही आणि सात ते बारा या वयात त्याची समज किती पक्व आहे, ते पाहावं लागतं. मुलानं नुकसान केलं म्हणून आईवडील आपोआप देणेकरी होतात, असंही आपल्याकडे नाही. त्यांची स्वतःची हयगय दाखवावी लागते. म्हणजे शेजारीण दारात उभी राहून "भरून देऊ" म्हणाली, ते कायद्याच्या धाकानं नव्हे. तिला ते तसंच योग्य वाटत होतं.

मूर्तिजापूरच्या अलीकडे कापसाच्या गाड्यांमागे वेग कमी झाला, तेव्हा बॉनेटकडे लक्ष गेलं. त्यावर बारीक बारीक टवके आहेत, मोजले तर तीसेक निघतील. याच महामार्गाचं काम वर्षानुवर्षं रखडलं होतं, तेव्हाच्या खडीचे ते टवके. पुढे 3 ते 7 जून 2022 या दिवसांत अमरावती-अकोला दरम्यान 75 किलोमीटर लांबीच्या एका लेनचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत पूर्ण झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आता गाडी पाण्यावर चालल्यासारखी जाते. पण त्याआधीच्या काळात उडालेल्या खडीनं माझ्या गाडीचं जे नुकसान केलं, ते या ओरखड्याच्या कितीतरी पट आहे. त्या टवक्यांनी माझी एकही सकाळ बिघडवली नव्हती. मग या एका रेघेनं का बिघडवली? कारण या रेघेला नाव होतं, चेहरा होता, फाटकाशी येऊन उभा राहिलेला. ज्याच्यावर रागावता येईल असं माणूस समोर असलं की नुकसान मोठं दिसू लागतं. आणि इथे तर ते माणूस आपणहून समोर आलं होतं.

बहिणीला जेवताना सगळं सांगितलं. पेंटरचे दोन्ही भाव सांगितले, बोनसचं सांगितलं. ती लहान मुलांची डॉक्टर आहे. तिचा हात ताटातच थांबला.

"दादा, पोराले लागलं का?"

मला उत्तर देता आलं नाही. मी विचारलंच नव्हतं.

"सायकल दाराले घासत गेली म्हणतोस, म्हणजे तो पडला असन. हँडल कसं होतं?"

ते मात्र मी पाहिलं होतं. त्यांच्या अंगणातली सायकल थोरल्या भावाची, मुलाला मोठी होणारी. उजव्या मुठीचं रबर टोकाला फाटून गेलेलं आणि आतली नळी उघडी. चरा त्या नळीच्या धारेनंच पडला, हे मी सकाळीच ताडलं होतं. दाराच्या दृष्टीनं ताडलं होतं.

मग तिनं मला जे समजावलं, ते प्रत्येक आईबापाला ठाऊक असायला हवं, म्हणून इथे लिहितो. सायकल हळू चाललेली असली, तरी पडताना हँडल वळतं आणि त्याचं टोक पोटात बसतं. पोटाच्या मागे पाठीचा कणा. टोक आणि कणा यांच्यामध्ये स्वादुपिंड आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग चेपला जातो. यकृताला, प्लीहेलाही मार बसू शकतो. बाहेरून पाहावं तर नाण्याएवढा गोल वळ, कधी तेवढाही नाही. मूल उठतं, कपडे झटकतं, खेळायला लागतं. पोटदुखी आणि उलट्या काही तासांनी सुरू होतात, कधी दुसऱ्या दिवशी. तोवर पडल्याचं घरचे विसरलेले असतात, आणि ज्या मुलाला रागावण्याची भीती आहे, त्यानं तर पडल्याचं सांगितलेलंच नसतं. उघडी नळी असेल तर धोका आणखी वाढतो, कारण तिची कड कापते. म्हणून हँडलवर पडलेल्या मुलाचं पोट दुखत असेल, ते उलट्या करत असेल किंवा मलूल दिसत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यायचं आणि हँडल लागल्याचं आवर्जून सांगायचं.

मी ताटावरून उठलो आणि शेजारी फोन लावला. आईनं घेतला. माझा आवाज ऐकताच म्हणाली, "भाऊजी, किती सांगतलं पेंटरनं?" मी म्हणालो, ते राहू द्या, मुलाला कुठे लागलंय का ते आधी बघा, पोट बघा. ती गेली. फोन तसाच चालू होता. मला त्यांच्या घरातला कुकर ऐकू येत होता, तिची हाक ऐकू येत होती. परत आली तेव्हा तिचा सूर बदललेला होता. पोटावर काही नव्हतं. पोट दुखत नव्हतं, जेवणही झालं होतं. पण उजव्या हाताचं कोपर चांगलंच सोलून निघालं होतं आणि स्वेटरची बाही त्याला चिकटली होती. "काल संध्याकायपासून तसंच घेऊन फिरून राह्यला होता जी. कोनाले दाखवलंच नाई त्यानं."

सकाळी तो माझ्यापासून चार हातांवर उभा होता. त्या बाहीच्या आत ते कोपर होतं.

अकोल्याहून निघताना जठारपेठेतून आलो. माझं लहानपण तिथलं. सातवीत असताना गिल्ली-डांडू खेळताना माझी गिल्ली शेजारच्या गुरुजींच्या स्कूटरच्या आरशावर बसली आणि आरसा फुटला. गुरुजींनी गल्लीतल्या प्रत्येक मुलाला विचारलं, मलाही विचारलं. मी नाही म्हणालो. पुढे दोन वर्षं मी त्यांच्या दारावरून जायचं टाळलं, शाळेला लांबच्या वाटेनं गेलो. गुरुजी आता नाहीत. मला जे त्या वयात जमलं नाही, ते या मुलानं रात्रभर सोललेलं कोपर घेऊन, सकाळी साडेसहाला, कोणी न सांगता केलं होतं. आणि त्यावर माझं उत्तर होतं, बाबांना पाठव. खरं बोलायला आलेल्या मुलाला मी दोन वाक्यांत गुन्हेगार करून घरी धाडलं होतं.

प्रश्न उरला पैशांचा. सगळं माफ म्हणावं, असं मन सांगत होतं. पण मूर्तिजापूर मागे पडताना दापुऱ्याची आठवण झाली. शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या डेबूजीचं, म्हणजे पुढच्या गाडगेबाबांचं, लहानपण याच तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाकडे गेलं. बाबांची एक रीत आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. काम केल्याशिवाय ते कोणाची भाकर घेत नसत. आधी कोणाचं अंगण झाडायचं, कोणाची लाकडं फोडायची, मग तुकडा. 20 डिसेंबर 1956 ला ते गेले आणि दरवर्षी या दिवसांत आमच्या गाडगेनगरात समाधीपाशी लोटलेली गर्दी आपण पाहतो. त्यांच्या त्या रीतीत घेणाऱ्याची मान ताठ राहते. मी "राहू द्या हो" म्हणालो असतो, तर त्या कुटुंबाला माझ्यासमोर कायमचं वाकून राहावं लागलं असतं. रस्त्यात भेट झाली की दर वेळी ते दार मध्ये आलं असतं. ज्यानं चूक कबूल केली, त्याला ती भरून काढायची संधीही मिळाली पाहिजे. ती हिरावून घेणं हा मोठेपणा मला वाटत नाही.

रात्री त्यांच्याकडे गेलो. पूर्ण दारं मारायची नाहीत, टचिंग करू, असं सांगितलं. वडिलांनी आठशे रुपये दिले, मी ते मोजून खिशात ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला स्पष्ट दिसला. मुलगा पलंगाच्या कडेला बसला होता, कोपराला पट्टी. मी त्याच्याजवळ बसलो आणि सकाळी जे आधी विचारायचं होतं, ते विचारलं. खूप दुखलं का रे? तो नाही म्हणाला. मग थोड्या वेळानं हो म्हणाला, आणि तेव्हा कुठे रडला. तू स्वतः येऊन सांगितलंस ते मला फार आवडलं, असं मी त्याला त्याच्या आईवडिलांसमोर म्हणालो. त्यानंच विचारलं, "काकाजी, गाडी पुसू लागू का?" चार रविवार, असं आमचं ठरलं.

पहिला रविवार काल झाला. तो पुसताना त्या रेघेपाशी थांबला. टचिंग झालंय, पण सकाळचं ऊन तिरपं पडलं की रेघ दिसते. त्यानं तिच्यावरून एकदा बोट फिरवलं आणि पुढचं दार पुसायला घेतलं. काम आटोपल्यावर आम्ही त्याची सायकल हातानं ढकलत कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे नेली. त्यानं फाटक्या मुठी ब्लेडनं कापून काढल्या, नळीला साबणाचं पाणी लावलं आणि टोकाला जाड रबर असलेल्या नव्या मुठी पिळत पिळत आत बसवल्या. सीटही दोन बोटं खाली घेऊन दिली. मुलानं दोन्ही मुठींच्या टोकांवर तळहात दाबून पाहिला. मग माझा हात धरला आणि तिथे दाबला.