पेटीतली नावे



संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा प्रारंभ येशूच्या वंशावळीने होतो. तीत तामार, राहाब, रूथ या स्त्रियांचीही नावे आहेत. आपल्या घरच्या वंशावळीतून लेकीसुना बहुधा गळतात.

खानदेशाला जुन्या कागदांचे मोल ठाऊक आहे. घरोघरची दप्तरे धुंडाळणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात निवर्तले. १९२७ मध्ये तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. आपल्या घरचे दप्तर मात्र आपणच जपायचे आहे.

घर आवरताना जुनी पेटी रद्दीत देण्यापूर्वी प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो घेऊ या व त्याची प्रत दोन ठिकाणी ठेवू या. मग जागेअभावी काही कागद गेले तरी चालतील. पण बाप्तिस्म्याचे व विवाहाचे मूळ दाखले राखू या. पत्त्यात ‘पूर्व खानदेश’ दिसले तर तो आजचा जळगाव जिल्हा, हे मुलांना सांगू या.

जुन्या फोटोतली बाई कोण, हे मोबाइल सांगणार नाही. ते आजीच सांगेल, आणि ती आहे तोवरच. म्हणून आज मिस्सानंतर तिच्याजवळ बसू या, एकेक नाव लिहून घेऊ या.

आपल्याला नावाने हाक मारणारा प्रभू आपल्या माणसांची नावे जपण्याची कृपा आपल्याला देवो. आमेन.