डाग कुणाचे?

रत्नागिरीच्या पावसाळ्यात भिंतीवरच्या फोटोंनाही बुरशी येते. आजीच्या एकुलत्या एक फोटोवर ती पसरायला लागली, म्हणून मी तो स्कॅन करून फोटोशॉपमध्ये उघडला. स्पॉट हीलिंग ब्रश डागावर फिरवला की आजूबाजूचा पोत घेऊन डाग बुजवतो. तासाभरात चेहरा लख्ख झाला. त्याच फाइलवर सेव्ह करून आत्याला दाखवला.

ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "वण कुठे गेले रे?"

आजीला लहानपणी देवी आल्या होत्या. जगातून देवीचं उच्चाटन झाल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं; आजीच्या गालांवर तिचे वण शेवटपर्यंत होते. ब्रशला बुरशी आणि वण सारखेच. आपल्या फोनचा ब्यूटी मोडही असाच, न विचारता पुसतो. फरक मला कळायला हवा होता.

मी ठरवलं, कागदावरचे डाग काढायचे, माणसाचे ठेवायचे. पण आत्याच पुढे म्हणाली, "तिला विचारलं असतंस तर तिने पुसायलाच सांगितले असते. मला मात्र माझी आई तशीच हवी."

मग फोटो कुणाचा? आजीचा, की तिला आठवणाऱ्यांचा?

मी पुन्हा स्कॅन केला. मूळ फाइल तशीच ठेवली. बुरशीची दुरुस्ती एका लेयरवर, वणांची दुसऱ्या. कॉम्प्युटरवर दोन्ही आज्या राहतात. भिंतीवर एकच लावता येते. आत्याचं ऐकून वण असलेली लावलीय. आजीला विचारायचं राहूनच गेलं, हे त्या फोटोखालून जाताना अजून टोचतं.