गदा : शस्त्र आणि दान

महाराष्ट्रात कुस्तीतल्या विजयाचा सर्वोच्च मान म्हणजे चांदीची गदा. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली आणि १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाच्या लढती सुरू झाल्या. मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबीय विजेत्याला गदा देतात. सागवानावर चांदीचा पत्रा मढवलेल्या या गदेवर मारुतीची प्रतिमा असते. २००५ मध्ये इंदापूरला सईद चाऊस, तर २००६ मध्ये बारामतीला अमोल बुचडे या गदेचे मानकरी ठरले.

हाडे मोडण्यासाठी घडवलेले आयुध सन्मानाची भेट कसे ठरते? शस्त्राला पूज्य मानणे परंपरेला नवे नाही. खंडेनवमीला आयुधे पूजतात. बारामती एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतींत त्या जागी यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात. पण पूजेने वस्तूचे काम थांबत नाही. यंत्र पुन्हा चालते, तलवारही पुन्हा उपसता येते. मानाची गदा मात्र प्रहारासाठी कधीच उचलायची नसते.

फिजीतही असा बदल घडला. १८७४ मध्ये बेटे ब्रिटनच्या हवाली करताना थाकोम्बाऊ या प्रमुखाने आपली युद्धगदा चांदीने सजवून राणी व्हिक्टोरियाला भेट दिली. पुढे ती फिजीला परत आली आणि तिथल्या विधिमंडळाचा राजदंड झाली. लढाईतले हत्यार चर्चेच्या सभागृहात अधिकाराची खूण बनले.

दोन्हीकडे बळ नाकारलेले नाही, ते मर्यादेत बांधले आहे. महाभारतात भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर गदा घातली तेव्हा बलराम खवळला, कारण गदायुद्धात नाभीखाली प्रहार निषिद्ध होता. मारुतीचे सामर्थ्यही रामसेवेला वाहिलेले आहे, म्हणूनच तो तालमीचे दैवत. त्याची गदा स्वीकारणाऱ्या मल्लाला धर्म विचारला जात नाही. बाला रफिक शेख आणि सिकंदर शेख यांनीही ती खांद्यावर मिरवली.

तरीही दानाने संयम आपोआप येत नाही. २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या स्पर्धेत पंचांशी गैरवर्तन केल्याबद्दल दोन मल्लांवर बंदी आली. पंचाचा कौल मानण्याची शिस्त तालमीतच अंगी बाणावी लागते. गदा तिच्यावर केवळ लोकमान्यतेची मोहोर उमटवते.