वर्डस्टारला कुळकायदा लागतो का?

वस्तू कुणाची? ज्याच्याकडे कागद आहेत त्याची, की जो ती रोज वापरतो, झाडतो-पुसतो त्याची? जमिनीपुरते उत्तर आमच्या मुंबई राज्याने देऊन टाकले : कसेल त्याची जमीन. (कुळांना मालक मानायला दिवस निवडला तो १ एप्रिल १९५७, एवढेच जरा खटकते.) पण संगणकावर लिहिण्याच्या प्रोग्रामचे काय?

'वर्डस्टार'चेच पाहा. १९७९च्या सुमारास अमेरिकेत सेमूर रुबिनस्टाइन यांच्या मायक्रोप्रो कंपनीसाठी रॉब बार्नबी यांनी तो लिहिला. पुढे कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी त्याच्याच तोंडवळ्याचा 'न्यूवर्ड' काढला. तो इतका बेतशीर जमला, की मायक्रोप्रोने तोच विकत घेतला आणि १९८७ साली 'वर्डस्टार ४' म्हणून त्याचे बारसे केले. पेशवाईत भाऊसाहेबांच्या तोतयाला देहदंड झाला. इथे तोतयाला गादी मिळाली! नंतर कंपनीच विलीन होत, नावे बदलत, १९९९ साली बार्बी बाहुलीच्या माहेरी, मॅटेलकडे, पोचली. पुढच्याच वर्षी तिथूनही पाठवणी झाली.

वापरणारे मात्र हलले नाहीत. आपण अजून वर्डस्टार ४वरच लिहितो, असे कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी २०१४ साली सांगितले. कॅनडाचे लेखक रॉबर्ट सॉयर यांनी तर २०२४ साली वर्डस्टार ७ माहितीपुस्तकांसकट बांधून जगाला फुकट वाटला. मालकाची परवानगी? मालक दार उघडायला येईल तर ना!

आता ही चोरी की पुण्य? शेजारी परगावी गेला म्हणून त्याच्या आंब्याखाली टोपली घेऊन उभे राहू नये, हे मलाही पटते. पण इथे गोष्ट आंब्याची नाही, किल्लीची आहे. जुन्या वर्डस्टारची फाइल भलत्या प्रोग्रामात उघडली, की कित्येक शब्दांचे शेवटचे अक्षर अगम्य होऊन बसते. म्हणजे कुलूप कंपनीचे, पण पेटीतली लुगडी लेखकाच्या आईची! कुलूपवाला दुकान मोडून गेला, तर किल्ली जपणाऱ्याला आणि ती शेजाऱ्यालाही देणाऱ्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

उद्या मालक कागद घेऊन आलाच, तर त्याला पाटावर बसवावे, चहा द्यावा, त्याचे रीतसर पैसेही द्यावेत. फक्त एवढे विचारावे, "इतकी वर्षं उंदीर कोण हाकलत होतं, साहेब?"